द्विमान फाइलींचे वाचन, सी भाषेतील
ज्या फाइलीतील बाइट अक्षरांचे संकेत म्हणून नव्हे, तर प्रत्यक्ष मूल्ये म्हणून साठविलेले असतात, तिला द्विमान फाइल म्हणतात. चित्रे, ध्वनी, मापनयंत्रांच्या नोंदी इ. सामान्यतः अशा फाइलींत ठेवतात. कोणता बाइट कशाचा निदर्शक आहे, हे वाचणाऱ्या प्रोग्रामला आधीच ठाऊक असावे लागते. डेनिस रिची यांनी बेल लॅबोरेटरीजमध्ये १९७२ च्या सुमारास विकसित केलेल्या सी भाषेत ‘एफरीड’ हे फलन बाइट स्मृतीत जसेच्या तसे उतरविते. त्यामुळे वाचन जलद होते. मात्र संकेत चुकल्यास कोणतीही सूचना न मिळता भलतीच संख्या हाती येते.

सर्वांत फसवा दोष फाइल उघडण्याच्या रीतीत असतो. सी भाषा ज्या युनिक्स प्रणालीबरोबर वाढली, तीत मजकूर व द्विमान असा भेद नाही. डॉस व विंडोज यांत मात्र ओळीचा शेवट १३ व १० या दोन बाइटांनी दर्शवितात. तेथे ‘आरबी’ऐवजी नुसता ‘आर’ हा संकेत दिल्यास या जोडीतील १३ गाळला जातो आणि २६ हे मूल्य येताच फाइल संपली असे मानले जाते. ही शेवटची प्रथा सीपी/एम प्रणालीतून आली. तीत फाइलीची लांबी १२८ बाइटांच्या पटीतच नोंदली जाई, म्हणून मजकुराच्या खऱ्या शेवटासाठी वेगळी खूण लागे. युनिक्सवर बिनचूक चालणारा प्रोग्राम विंडोजवर अर्धेच चित्र वाचतो, तो बहुधा यामुळेच. १९९६ मध्ये प्रमाणित झालेल्या पीएनजी चित्रफाइलीच्या आरंभी १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १० हे बाइट हेतुपुरस्सर ठेवले आहेत. असा फेरफार झाल्यास तो तेथेच उघड होतो.

दुसरा दोष संरचनेच्या मांडणीचा. बीएमपी चित्रफाइलीचे पहिले शीर्ष १४ बाइटांचे असते. पण त्याच घटकांची सी भाषेतील संरचना बहुधा १६ बाइटांची होते, कारण चार बाइटांची संख्या चारच्या पटीतील स्थानी यावी म्हणून कंपायलर मध्ये दोन रिकामे बाइट सोडतो. परिणामी ६४० × ४८० बिंदूंच्या २४ बिटी चित्राचा आकार ९,२१,६५४ बाइटांऐवजी १४ बाइट असा वाचला जातो.

बाइटांचा क्रमही यंत्रागणिक बदलतो. ६४० ही संख्या बीएमपीमध्ये १२८, २, ०, ० अशी लिहिलेली असते. उलट क्रमाच्या यंत्रावर ती २,१४,७६,१४,७२० होते. म्हणून एकेक बाइट वाचून त्यांपासून संख्या रचणे हा मार्ग, काहीसा कंटाळवाणा असला, तरी अधिक विश्वसनीय होय.

‘एफईओएफ’ हे फलन शेवट ओलांडण्याचा प्रयत्न फसल्यानंतरच खरे ठरते; त्यावर विसंबलेल्या आवर्तनात शेवटची नोंद दोनदा मोजली जाते. एफरीडने प्रत्यक्ष किती घटक वाचले, हे तपासणे पुरेसे असते. शंका राहिल्यास युनिक्समधील ‘ओडी’सारख्या साधनाने आरंभीचे बाइट छापून ते प्रोग्रामने वाचलेल्या बाइटांशी ताडून पाहतात. दोन्ही जुळत असतील, तर दोष अर्थ लावण्यात असतो; जुळत नसतील, तर फाइल उघडण्यात किंवा वाचनस्थानात.