उद्याच्या बचतीचा आजचा हिशेब

इमारतींमधील ऊर्जाबचतीसाठी शासन जो पैसा खर्च करते, त्याचा आकडा त्याच वर्षीच्या अंदाजपत्रकात दिसतो. लाभ मात्र पुढील दहा-वीस वर्षांत हळूहळू पदरात पडतो. तो आगाऊ कसा मोजावयाचा, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. या बाबतीत अमेरिकेचा अनुभव उद्बोधक आहे.

तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने १९७८ ते २००० या काळातील शासकीय ऊर्जा संशोधनाचा आढावा २००१ मध्ये सादर केला. ऊर्जाबचतीच्या संशोधनावर सुमारे ७ अब्ज डॉलर खर्च झाले होते. तपासलेल्या कार्यक्रमांचा निव्वळ आर्थिक लाभ सुमारे ३० अब्ज डॉलर भरला. त्यातील मोठा वाटा तीन वस्तूंचा होता : कमी वीज खाणारे फ्रिज, ट्यूबलाइटचे इलेक्ट्रॉनिक चोक आणि उष्णता रोखणारा लेप दिलेली खिडकीची काच. समितीने सर्व श्रेय शासनाला दिले नाही. खाजगी उद्योगांनी हेच तंत्र पाच वर्षांनी आणलेच असते, असे गृहीत धरून तेवढ्याच अवधीचा लाभ शासनाच्या खाती मांडला.

भविष्याचा अंदाज

पुढील लाभासाठी २००५ मध्ये निराळी पद्धत सुचविण्यात आली. शासनाच्या साहाय्याने व साहाय्याविना यशाची शक्यता किती, हे तज्ज्ञांनी ठरवावयाचे. समजा, लाभ १,००० कोटींचा आहे. साहाय्याविना यशाची शक्यता २० टक्के आणि साहाय्याने ३० टक्के आहे. तर शासकीय खर्चाचे फलित १० टक्के, म्हणजे १०० कोटी होय. हाच हिशेब नेहमीची परिस्थिती, महाग इंधन आणि कार्बन उत्सर्जनावरील मर्यादा अशा तीन परिस्थितींत मांडावयाचा.

पडताळणीची आवश्यकता

तरीही अंदाज चुकतो. अल्प उत्पन्न कुटुंबांच्या घरांना उष्णतारोधक थर देण्याची व जुन्या भट्ट्या बदलण्याची योजना अमेरिकेत १९७६ पासून चालू आहे. मिशिगन राज्यातील सुमारे ३०,००० कुटुंबांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. गणिती अंदाजातील बचत प्रत्यक्षातील बचतीच्या तिपटीहून अधिक होती आणि झालेला खर्च ऊर्जाबचतीच्या सुमारे दुप्पट होता. लोकांनी घरे अधिक गरम ठेवल्यामुळे बचत बुडाली, असेही आढळले नाही.

आपल्या शाळेतील साधे उदाहरण घेऊ. ५० वॅटच्या जागी २० वॅटचा दिवा बसविला आणि तो वर्षातील २५० दिवस रोज आठ तास जळला, तर ६० युनिट वाचतात. प्रत्यक्षात वर्गात तो दोनच तास लागत असेल, तर बचत १५ युनिटांची! दिवा तोच, परंतु वापर गृहीत धरण्यात चूक झाली की लाभ चौपट फुगतो.

म्हणून योजनेपूर्वीच्या व नंतरच्या मीटरच्या नोंदी जपून ठेवणे, हे ग्रामपंचायत, शाळा व कार्यालय यांचे कर्तव्य होय. जनतेच्या पैशाचा पुढील अंदाज या नोंदींवरच अधिक खरा उतरेल.