सर्टिफिकेट वेगळे, लायसन्स वेगळे
अमेरिकेच्या कम्युनिटी कॉलेजातून नर्स कशी तयार होते

कापडाचा तागा हातात आला की जाणता व्यापारी आधी शिक्का पाहतो, मग पोत पाहतो आणि शेवटी भाव विचारतो. मुलीच्या शिक्षणाची फी भरताना मात्र हाच व्यापारी शिक्का पाहायचे विसरतो. आमच्या बाजारातील एका व्यापाऱ्याची भाची लग्नानंतर न्यू जर्सीला गेली. तिथे जाहिरात पाहून तिने एका खासगी शाळेत नर्सिंगसाठी १८ हजार डॉलर भरले. वर्षभराने सार्वजनिक कॉलेजात पुढच्या शिक्षणासाठी अर्ज केला, तेव्हा त्या शाळेतला एकही विषय मान्य झाला नाही. पैसा गेला तो गेलाच, उमेदीचे वर्षही गेले.

कुटुंबाच्या व्हिसावर अमेरिकेला जाणाऱ्या आपल्याकडच्या मुली व सुना आज कमी नाहीत. त्यांच्यासाठी नर्सिंग ही इज्जतीची आणि कायमची रोजी आहे. पण त्याचा रास्ता नीट समजून घेतला पाहिजे.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय?

ही त्या त्या भागातील लोकांसाठी चालणारी दोन वर्षांची सार्वजनिक कॉलेजे होत. सर्वांत जुने कॉलेज इलिनॉय राज्यात जोलिएट येथे १९०१ साली सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर नर्सेसची मोठी टंचाई पडली. तेव्हा मिल्ड्रेड मॉन्टॅग या शिक्षिकेने १९५१ साली अशी योजना मांडली की, नर्सला इस्पितळाच्या वसतिगृहात तीन वर्षे राबवून घेण्याऐवजी कॉलेजात दोन वर्षांत तयार करावे. १९५२ पासून त्याचा प्रयोग झाला आणि तो यशस्वी ठरला. त्यातूनच आजची 'असोसिएट डिग्री इन नर्सिंग' आली.

या कॉलेजांची फी स्थानिक रहिवाशाला वर्षाला सरासरी ४ हजार डॉलरच्या आसपास पडते. पुस्तके, गणवेश, तपासण्या यांचा खर्च वेगळा. विद्यापीठाच्या मानाने हा भाव फारच माफक आहे.

तीन पायऱ्यांची शिडी

आपल्या कारखान्यात पोरगा आधी कांड्या भरतो, मग माग चालवतो, पुढे जॉबर होतो. तिथेही तसेच आहे.

पहिली पायरी सर्टिफाईड नर्सिंग असिस्टंटची. केंद्राच्या नियमानुसार किमान ७५ तासांचे प्रशिक्षण, परीक्षा आणि राज्याच्या नोंदवहीत नाव. रुग्णाला उठवणे, आंघोळ घालणे, जेवू घालणे ही कामे. काही राज्यांत तासांची अट यापेक्षा जास्त आहे.

दुसरी पायरी लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्सची. हा साधारण एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. कॅलिफोर्निया व टेक्सासमध्ये हिलाच व्होकेशनल नर्स म्हणतात.

तिसरी पायरी रजिस्टर्ड नर्सची. नाव दोन वर्षांचे असले तरी आधी शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, इंग्रजी, मानसशास्त्र असे विषय पुरे करावे लागतात. त्यामुळे हिशेब तीन वर्षांचा धरावा. कॉलेजात प्रवेश सोपा, पण नर्सिंगच्या जागा मोजक्या असतात. आधीच्या विषयांतील गुण आणि बहुतेक ठिकाणी प्रवेशपरीक्षा यांवर निवड होते.

अमेरिकी कामगार खात्याच्या २०२३ सालच्या आकड्यांनुसार वर्षाची मध्यम कमाई असिस्टंटची सुमारे ३८ हजार, प्रॅक्टिकल नर्सची सुमारे ६० हजार आणि रजिस्टर्ड नर्सची सुमारे ८६ हजार डॉलर होती. पायरी चढण्यात फायदा किती, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

खरी कसोटी लायसन्सची

कॉलेजने दिलेली पदवी म्हणजे काम करण्याचा परवाना नव्हे. परवाना देते राज्याचे नर्सिंग बोर्ड. त्यासाठी एनक्लेक्स नावाची परीक्षा द्यावी लागते. परीक्षेची फी २०० डॉलर, बोर्डाच्या अर्जाची फी निराळी. बोटांचे ठसे घेऊन गुन्ह्यांची नोंदही तपासली जाते. परीक्षा संगणकावर होते. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न कठीण येतो, चुकले की सोपा येतो. २०२३ पासून प्रश्न किमान ८५ व कमाल १५० असतात आणि वेळ पाच तासांचा असतो.

लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की, कम्युनिटी कॉलेजची मुलगी आणि चार वर्षांची विद्यापीठाची मुलगी एकच परीक्षा देतात आणि लायसन्सही दोघींना एकच मिळते. पुढे नोकरी करता करता बॅचलर पदवी पुरी करता येते. मोठी इस्पितळे या पदवीला पसंती देतात. न्यूयॉर्क राज्याने तर २०१७ साली कायदा करून नव्या नर्सला दहा वर्षांत ही पदवी घेणे बंधनकारक केले.

नकली मालापासून सावध

जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने फ्लोरिडातील तीन नर्सिंग शाळांचा घोटाळा उघड केला. ७,६०० हून अधिक खोट्या पदव्या विकल्या गेल्या होत्या. सुमारे २,४०० जण तर एनक्लेक्स पास होऊन नर्स बनले होते. पुढे अनेकांचे लायसन्स गेले. झटपट रस्ता दाखवणारा दलाल शेवटी कुठे नेऊन सोडतो, याचा हा पुरावा आहे.

म्हणून पैसे भरण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. एक, त्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाच्या मान्य यादीत शाळेचे नाव आहे काय? दोन, शाळेचे किती विद्यार्थी पहिल्याच खेपेला एनक्लेक्स पास होतात? बहुतेक बोर्डे हे आकडे जाहीर करतात, ती शाळेची खातेवहीच समजा. तीन, इथले विषय दुसरे कॉलेज मान्य करते काय? हे त्या दुसऱ्या कॉलेजकडून लेखी घ्यावे, शाळेच्या तोंडी भरवशावर राहू नये.

इथून शिकून जाणाऱ्यांसाठी

ज्या मुलीने महाराष्ट्रात जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग केले आहे व महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे जिची नोंदणी आहे, तिला तिथे पहिल्यापासून शिकण्याची गरज सहसा पडत नाही. ज्या राज्यात काम करायचे त्या राज्याचे बोर्ड तिची कागदपत्रे तपासते. एखादा विषय वा प्रात्यक्षिकाचे तास कमी पडले तर तेवढेच भरून काढावे लागतात. एनक्लेक्सचे केंद्र मुंबईतही आहे. म्हणून मार्कशीट, तासांचा तपशील आणि नोंदणीचा दाखला निघण्याआधीच कॉलेज व कौन्सिलकडून काढून ठेवावा. सातासमुद्रापलीकडून एक कागद मागवायला सहा महिनेही लागतात.

विद्यार्थी व्हिसावर जाण्याचा विचार करणाऱ्यांनी मात्र जपून पाऊल टाकावे. परदेशी विद्यार्थ्याला स्थानिक दर मिळत नाही, फी कितीतरी पटीने वाढते. बाहेर कमाई करून फी भरण्याची मुभाही नसते.

हुनर हातात असेल तर माणूस कुठेही उपाशी राहत नाही, असे आपले वडीलधारे म्हणत. ते खरेच आहे. पण हल्लीच्या जमान्यात हुनरावर सरकारी शिक्का असावा लागतो. तो शिक्का कोण देतो, हे आधी विचारा. फी किती, हे नंतर विचारा.