आपली टीम, दुसरी पायरी

मँचेस्टर युनायटेडचा गोलकीपर कोण, हे गव्हाण-उलव्यातली पोरं झोपेतही सांगतील. पण मुंबई केंकरे? चेहरे कोरे! बॉस, ही आपल्याच मुंबईची टीम, आणि 2022-23 मध्ये ती आय-लीग खेळत होती.

तो सीझन काही साधा नव्हता. आय-लीग आता आयएसएलखालची दुसरी पायरी झाली होती आणि चॅम्पियनला पहिल्यांदाच मैदानातल्या खेळाच्या जोरावर वर जायचं तिकीट मिळणार होतं. 12 टीम्स, प्रत्येकीच्या 22 मॅचेस. वर जायला एक जागा, खाली घसरायला दोन.

केंकरेचा 2021-22 चा आय-लीग सीझन कोविडमुळे बंगालमध्येच गेला होता. त्यामुळे कूपरेजवरच्या होम मॅचेसचं अप्रूप मोठं. मंत्रालयाजवळ ऑफिस असेल तर चालत पोचाल. गव्हाणकरांना मात्र खारकोपरहून लोकल बदलत सीएसएमटी गाठायची. तेवढा खटाटोप कोण करणार म्हणा!

शेवटी राउंडग्लास पंजाब चॅम्पियन होऊन आयएसएलमध्ये गेली. खाली गेल्या सुदेवा दिल्ली आणि आपली केंकरे.

मुंबईला हे नवीन नाही. महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंदच झाली, 2017 मध्ये मुंबई एफसी आय-लीगमधून घसरली. मुंबई सिटीचं ग्लॅमर आहेच, पण तिथल्या जागा मोजक्या. लोकल पोराला पगार घेऊन नव्वद मिनिटं खेळायला मिळायचं ते याच मधल्या पायरीवर. नेमकी तीच आपल्याकडे दर वेळी निखळते.