आंबट बिअरचे विरजण

आपल्या वाशीमकडे ज्वारीचे पीठ ताकात भिजवून आंबील करतात. पीठ आंबवणारे ते ताकातले लॅक्टिक जिवाणू. बिअरच्या कारखान्यात मात्र हेच जिवाणू शत्रू. ते शिरले की नेहमीची बिअर नासते. मग एखाद्या लहान कारखान्याला मुद्दाम आंबट बिअर करायची असेल तर?

वाटा दोन. पहिली सोपी. मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा गोड काढा कोमट ठेवून त्याला विरजण लावायचे. एक-दोन दिवसांत तो आंबला, की उकळायचा. जिवाणू मरतात, आंबटपणा उरतो. मग यीस्ट घालायचे.

दुसरी वाट बेल्जियमच्या लँबिक बिअरची. ब्रुसेल्समध्ये १९०० साली सुरू झालेल्या कांतियाँ कारखान्यात बार्ली-गव्हाचा उकळता काढा थंडीच्या रात्री उथळ, उघड्या हौदात निवत ठेवतात. हवेतले रानटी यीस्ट आणि जिवाणू त्याला लागतात. पुढे ओकच्या पिंपांत तो १ ते ३ वर्षे मुरतो. आपल्याकडच्या उन्हाळी रात्री हे साधणार नाही. काढा सावकाश निवतो आणि नको ते जंतू माजतात.

थंडी मिळाली तरी धोका उरतोच. ब्रेटानोमायसिस हे रानटी यीस्ट लाकडाच्या छिद्रांत, रबरी नळ्यांत दडून बसते; धुऊन सहसा जात नाही. म्हणून पिंपे, नळ्या, शक्यतो खोलीही वेगळी हवी. घरात विरजणाचे भांडे वेगळे ठेवतात, ते उगीच नव्हे. एवढा खर्च झेपत नसेल, तर पहिली वाटच बरी.