निरोगी शुक्राणूंची निवड : पद्धती, मर्यादा आणि हैदराबादचे संशोधन

प्रस्तावना

मराठीतील 'वांझ' आणि उर्दूतील 'बांझ' हे दोन्ही शब्द रूढ वापरात प्रामुख्याने स्त्रीलाच लावले जातात. त्यामुळे मूल झाले नाही की तपासणीही आधी तिचीच होते. वस्तुतः अशा जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषातील दोष हे एकमेव किंवा सहायक कारण असते. कृत्रिम गर्भधारणेसाठी निरोगी शुक्राणू कसे निवडतात व या निवडीच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निवडीच्या पद्धती

वीर्यतपासणीत शुक्राणूंची संख्या, हालचाल व आकार पाहिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेनुसार एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू ही संख्येची खालची पातळी होय.

निवडीच्या दोन पद्धती विशेष रूढ आहेत. पहिलीत वीर्यावर पोषक द्रवाचा थर देतात. जोमदार शुक्राणू पोहत वरच्या थरात येतात आणि तेच घेतले जातात. दुसरीत कमी-अधिक घनतेच्या द्रवांच्या थरांवर वीर्य ठेवून ते यंत्रात वेगाने फिरवितात. सुदृढ शुक्राणू तळाशी जमतात, तर मृत व सदोष शुक्राणू वरच अडकतात.

१९९२ मध्ये ब्रुसेल्स येथील संशोधकांनी 'इक्सी' ही पद्धत यशस्वी केल्याचे प्रसिद्ध केले. हिच्यात एकच शुक्राणू सूक्ष्म सुईने स्त्रीबीजात सोडतात. म्हणजे निसर्गातील शर्यत संपते व निवड सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या तज्ज्ञाच्या डोळ्यांवर येते.

डोळ्यांना न दिसणारा दोष

डोळ्यांना आकार व गती दिसते, जनुके दिसत नाहीत. या संदर्भात हैदराबाद येथील 'सीसीएमबी' या संस्थेतील डॉ. के. थंगराज, डॉ. लालजी सिंग व सहकाऱ्यांचे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन महत्त्वाचे आहे. वीर्यात शुक्राणूच नसलेल्या ३४० भारतीय पुरुषांची त्यांनी तपासणी केली. त्यांपैकी २९ जणांत, म्हणजे ८.५ टक्के पुरुषांत, वाय गुणसूत्राचा काही भाग गळालेला आढळला.

याचा व्यावहारिक अर्थ दुहेरी आहे. गळालेला भाग कोणता, यावर वृषणातून शस्त्रक्रियेने शुक्राणू मिळण्याची शक्यता ठरते. काही प्रकारांत ती जवळजवळ नसतेच. अशा वेळी शस्त्रक्रियेचा त्रास व खर्च टाळता येतो. शुक्राणू मिळाले तरी वाय गुणसूत्र पित्याकडून पुत्राकडे जाते. त्यामुळे निवडलेला शुक्राणू कितीही सुदृढ दिसला, तरी जन्मणाऱ्या मुलाकडे तोच दोष जातो. मुलीकडे तो जात नाही. मात्र म्हणून शुक्राणूंची लिंगानुसार निवड मागता येत नाही. २००३ च्या दुरुस्तीनंतर गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही कायद्याने निषिद्ध आहे.

नव्या पद्धतींबाबतही सावधगिरी हवी. हायल्युरोनान या पदार्थाला चिकटणारे शुक्राणू निवडण्याच्या पद्धतीची ब्रिटनमध्ये २,७०० हून अधिक जोडप्यांवर चाचणी झाली. २०१९ च्या अहवालानुसार तिने जिवंत अपत्यजन्माचे प्रमाण लक्षणीय वाढले नाही.

निष्कर्ष

वीर्यतपासणी ही साधी, वेदनारहित तपासणी आहे. ती पत्नीच्या तपासणीबरोबरच व्हावी. शुक्राणू नसल्यास किंवा फारच कमी असल्यास 'इक्सी'पूर्वी वाय गुणसूत्राची तपासणी व जनुकीय समुपदेशन घ्यावे. प्रयोगशाळेतील निवड उपलब्ध शुक्राणूंतून चांगला शुक्राणू शोधते. मूळ दोष ती दुरुस्त करीत नाही. ही गोष्ट दोन्ही कुटुंबांना आधी कळली, तर खर्चाचा निर्णय विचारपूर्वक होईल आणि दोषाचे ओझे एकट्या स्त्रीवर पडणार नाही.