एकाच पार्टीच्या दोन संगीतिका

२००० साली न्यूयॉर्कच्या नाट्यरसिकांची मजेशीर पंचाईत झाली होती. 'द वाइल्ड पार्टी' बघायला जाऊ या, असं कुणी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: कुठली? अँड्र्यू लिपाची संगीतिका २४ फेब्रुवारीला मॅनहॅटन थिएटर क्लबमध्ये सुरू झाली. १३ एप्रिलला ब्रॉडवेवरच्या व्हर्जिनिया थिएटरमध्ये मायकल जॉन लाक्यूसाची उभी राहिली. नाव तेच, गोष्ट तीच, मुख्य पात्रंही तीच, कारण दोघांचं मूळ एकच होतं: जोसेफ मंक्यूर मार्च याची १९२८ साली छापलेली दीर्घकविता. संगीतिका आतून कशी चालते हे बघायला याहून सोयीचं उदाहरण मला तरी माहीत नाही. कच्चा माल सारखाच, त्यामुळे जो काही फरक दिसतो तो सगळा बनवणाऱ्याच्या हातचा.

आधी गोष्ट. क्वीनी ही सोनेरी केसांची, व्होडव्हिलमध्ये नाचणारी बाई. व्होडव्हिल म्हणजे एका तिकिटात गाणं, नाच, विदूषक, जादू, कसरत असं एकामागून एक दाखवणारा करमणुकीचा खेळ. बर्झ त्याच धंद्यातला विदूषक. स्टेजवर लोकांना हसवतो, घरी हात उगारतो. दोघं लग्नाशिवाय एकत्र राहतात. एका रविवारी भांडण विकोपाला जातं आणि त्यावर उपाय म्हणून रात्री पार्टी द्यायचं ठरतं. देशात दारूबंदी आहे, म्हणजे पार्टीत जिनचा पूर येणारच. (मुंबईतल्या 'आंटीच्या अड्ड्यां'चे दिवस पाहिलेल्यांना हे गणित समजावून सांगायला नको.) क्वीनीची मैत्रीण केट येते, तिच्याबरोबर ब्लॅक नावाचा देखणा तरुण. बर्झला जळवायचं म्हणून क्वीनी ब्लॅकशी सलगी करते आणि करता करता खरोखरच गुंतते. केटचा डोळा बर्झवर. पहाटेच्या आत पिस्तूल निघतं आणि बर्झ मरतो.

मार्च हा 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाच्या अगदी पहिल्या दिवसांतला संपादक. कवितेतला उघडावाघडा मजकूर पाहून तिला सहजासहजी प्रकाशक मिळेना. मिळाला तोही मोजक्या प्रतींच्या आवृत्तीपुरता, आणि बॉस्टनमध्ये तिच्यावर बंदी आली. १९७५ साली तिच्यावर सैलसा बेतलेला चित्रपट निघाला. त्याचा निर्माता आपला मुंबईत जन्मलेला इस्माइल मर्चंट आणि दिग्दर्शक जेम्स आयव्हरी. संगीतिका मात्र त्यानंतर पंचवीस वर्षांनी आल्या, आणि आल्या त्या जोडीनं.

कविता यमकात आहे, ओळी छोट्या आणि ठसकेबाज आहेत, तेव्हा तिला चाल लावली की झाली संगीतिका, असं कुणालाही वाटेल. अडचण नेमकी तिथेच आहे. कवितेतला तो ठसका पात्रांचा नाही, निवेदकाचा आहे. हा निवेदक कोपऱ्यात उभं राहून सगळ्यांकडे तिरक्या नजरेनं बघतो. त्याला सगळं कळतं आणि कुणाचंच दुःख होत नाही. क्वीनीला काय हवंय, हे ती स्वतः कधी फारसं बोलत नाही. आणि संगीतिकेला तर नेमकं तेच लागतं: कुणाला तरी काहीतरी इतकं हवं असणं, की बोलून भागणार नाही, गावंच लागेल. म्हणून दोन्ही संगीतकारांना पहिला निर्णय घ्यावा लागला तो स्वरांचा नव्हता. गाणं कुणाच्या तोंडी द्यायचं, हा तो निर्णय होता.

इथे रंगमंचावरच्या गाण्याच्या दोन जाती वेगळ्या करून ठेवू. एका जातीत पात्राला ठाऊक असतं की आपण गातोय. 'कट्यार काळजात घुसली'त खाँसाहेब गातात, कारण ते गवईच आहेत. समोरच्या पात्रांनाही ते गाणं ऐकू येतं. दुसऱ्या जातीत पात्राला आपण गातोय याचा पत्ताच नसतो. 'एकच प्याला'तली सिंधू काही गायिका नाही. तिच्या तोंडचं पद हे तिच्या मनात चाललेलं बोलणं, आपण ते गाणं म्हणून ऐकतो इतकंच. आपल्या संगीत नाटकात या दुसऱ्या जातीचं पद आलं की कथानक बहुधा थांबतं, राग फुलतो, वन्समोअर मिळतो आणि मग गाडी पुढे सरकते. अमेरिकी संगीतिकेची शिस्त उलटी आहे: गाणं संपेल तेव्हा पात्र सुरुवातीच्या जागेवर असता कामा नये. त्याचं मत बदललेलं हवं, नाही तर निदान कुणाचा तरी पत्ता उघडा पडलेला हवा.

पार्टी आणि व्होडव्हिल यांच्यामुळे पहिल्या जातीच्या गाण्याला आयतंच निमित्त मिळतं. घरात नट, गायक, नर्तक जमलेत. कुणी पियानोवर बसलं तर त्यात नवल काय? पण बिनसलेल्या प्रेमाला दुसरी जात लागते. लाक्यूसानं आपला सगळा भार पहिल्या जातीवर टाकला, लिपानं दुसरीवर.

लाक्यूसाची संगीतिका सुरू होते तीच व्होडव्हिलचा खेळ म्हणून. क्वीनीची ओळख मंडळी नाचत-गात करून देतात. म्हणजे कवितेतल्या त्या एकट्या निवेदकाचं काम त्यानं अख्ख्या घोळक्याला वाटून टाकलं. बर्झ तोंडाला काळं फासून आपला नंबर सादर करतो. काळ्या माणसाची नक्कल करणाऱ्या गोऱ्या विदूषकाची ही अमेरिकी रंगमंचावरची जुनी आणि लाजिरवाणी चाल. १९२७ च्या 'द जॅझ सिंगर' या गाजलेल्या बोलपटात अल जोल्सननं तेच केलं होतं. लाक्यूसाला ती केवळ काळाची खूण म्हणून नको आहे. या घरात प्रत्येकानं काहीतरी फासलेलं आहे: क्वीनीनं पावडर, बर्झनं काजळी, बाकीच्यांनी खोटं हसू. पार्टी उतरणीला लागते तसतसे हे थर निघत जातात. त्यामुळे त्याच्या पाहुण्यांची गाणी १९२० च्या दशकातल्या गाण्यांसारखीच घडवलेली आहेत, त्या काळचा एखादा जुना तुकडा सापडावा इतकी हुबेहूब. मात्र रात्र चढेल तशी त्याच घाटातली गाणी बिघडू लागतात. सूर कर्कश होतात, ठेका अंगावर येतो. पात्रांना अजून वाटत असतं की आपण सादरीकरण करतोय, आणि श्रोत्याला कळलेलं असतं की आता ते स्वतःबद्दल बोलताहेत. दोन जातींमधली भिंत अशी हळूहळू पाडत नेणं हे या संगीतिकेचं खरं कसब आहे, आणि माझ्या मते तिथे ती लिपाच्या पुढे जाते.

डोलोरेसचंच बघा. सरती नटी, नव्या खेळात काम मिळावं म्हणून निर्मात्यांना लोणी लावत फिरणारी. मूळ कवितेत ती एक पाहुणी, लाक्यूसाकडे मात्र अख्ख्या युगाची साक्षीदार. तिच्या वाट्याला 'व्हेन इट एंड्स' हे गाणं आलं, मैफल मोडेल तेव्हा तुम्ही कुठे असाल असं बजावणारं. ते गायला गायिका-अभिनेत्री अर्था किटला आणलं. किटचा जन्म १९२७ चा, म्हणजे ती कवितेच्या छापील आवृत्तीहूनही एक वर्षानं मोठी. अशा बाईला फार अभिनय करावा लागत नसणार. बाकी क्वीनी होती टोनी कॉलेट आणि बर्झ मँडी पटिंकिन. हा खेळ मध्यंतराशिवाय चालतो, आणि ते बरोबरच आहे: पार्टीला आलेल्याला मध्येच हवा खायला बाहेर सोडलं, तर घराचं दार बंद आहे ही भावनाच उरणार नाही.

लिपानं मध्यंतर ठेवलं. त्याच्या दृष्टीनं नाटक घराचं नाहीच, चार माणसांचं आहे: क्वीनी, बर्झ, केट, ब्लॅक. त्याचंही पहिलं गाणं कवितेच्याच सुरुवातीच्या शब्दांचं, म्हणजे दोन्ही संगीतिकांच्या पहिल्या गाण्यांचं नावसुद्धा एक. पण इथे लगोलग क्वीनीला 'आउट ऑफ द ब्लू' मिळतं. संगीतिकावाले ज्याला 'आय वाँट साँग' म्हणतात, ते हे: नायिकेला काय हवंय हे पहिल्या काही मिनिटांत सांगून टाकायचं, म्हणजे पुढचे दोन तास प्रेक्षक तिच्या बाजूनं राहतो. क्वीनीला बर्झचं वेड लागलं होतं ते का, आणि ते उतरलं कसं, हे आपल्याला तिच्याकडूनच कळतं. लिपाचं संगीत जॅझला धरून बसत नाही. मधूनच सरळसरळ रॉक आणि पॉपकडे वळतं. जाणकारांनी त्यावर नाकं मुरडली. मला ते खटकत नाही. जॅझची ऐट पार्टीसाठी आणि गिटारचा चढा आवाज मनातल्या गाण्यासाठी, असं वाटप एकदा ध्यानात आलं की कुठली जात चालू आहे ते कानालाच कळतं.

आता एक जागा जवळून बघू, 'पुअर चाइल्ड'. पार्टी भरात आली आहे. ब्लॅक क्वीनीकडे बघतोय, क्वीनी त्याच्याकडे. बर्झ ते बघतोय आणि केट बर्झला. नुसत्या संवादात हे मांडायचं तर चार स्वगतं लागतील आणि तोवर पार्टी गार पडेल. लिपा चौघांच्या मनातलं गाण्यात एकामागून एक उलगडतो आणि मग एकावर एक चढवतो. शेवटाकडे चारही आवाज एकदम चालतात. शब्द सगळे कळत नाहीत, कळावेत अशी अपेक्षाही नाही. ते आधी सुटे ऐकलेले आहेत म्हणून आपण आता फक्त ताण ऐकतो. गाणं सुरू झालं तेव्हा एक जोडपं आणि दोन पाहुणे होते. संपतं तेव्हा चौघंही एकमेकांत अडकलेले असतात, आणि यातल्या कुणीही कुणाशी एक शब्द बोललेला नसतो. हे काम ना कविता करू शकते, ना गद्य नाटक.

पार्टीचं घर गाण्यांच्या मधल्या वेळात जिवंत ठेवायचं, तर त्याला दुसरी युक्ती लागते. तिला 'व्हॅम्प' म्हणतात. एक छोटा तुकडा वाद्यवृंद फिरवत राहतो, आणि नटाचं बोलणं संपून त्याची ठरलेली खूण आली की संचालक पुढच्या गाण्यात शिरतो. कथकचा लेहरा जसा नर्तकीच्या पाठीशी अखंड फिरत राहतो, तसंच. प्रेक्षक हसले, नट दोन सेकंद जास्त थांबला, तरी संगीत तुटत नाही. एका खोलीत पंधराएक माणसं, त्यातली दोघं बोलताहेत, बाकीची नाचताहेत, पिताहेत, एकमेकांच्या गळ्यात पडताहेत. हे सगळं एका लयीत बांधून ठेवणारा दोरा म्हणजे व्हॅम्प. आणि दोन्ही संगीतिकांत पिस्तूल निघण्याआधी संगीताची वीण जी आवळत जाते, तिची सवय कानाला याच फिरत्या तुकड्यांनी लावलेली असते.

दोन्ही संगीतिकांत ऐकू येणारं जॅझ मराठी कानाला परकं नाही. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकी काळे वादक येऊन वाजवत, त्यांच्याकडून गोव्याच्या वादकांनी ते उचललं. त्यातला ट्रंपेटवाला चिक चॉकलेट सी. रामचंद्रांबरोबर काम करत असे. 'अलबेला'तला तो उडता ठेका त्याच वाटेनं आपल्याकडे आला. तालावरचं वजन हव्या त्या जागेवरून उचलून भलत्याच मात्रेवर टाकणं ही जॅझची खोडी. प्रेमात पडताना किंवा खोटं बोलताना माणूस जसा अडखळतो, तसं काहीसं ते ऐकू येतं, म्हणूनच बिनसलेल्या प्रेमाच्या गोष्टींना ही लय मानवते.

दोन्ही संगीतिका गल्ल्यावर पडल्या. लिपाची दोन महिनेही टिकली नाही. लाक्यूसाची ६८ प्रयोगांनंतर ११ जूनला बंद झाली. टोनी पुरस्कारांसाठी तिला सात नामांकनं होती, हाती एकही लागला नाही. सर्वोत्कृष्ट संगीतिकेचा मान त्या वर्षी 'कॉन्टॅक्ट'ला गेला. त्या खेळाला स्वतंत्र संगीत नव्हतं, वाद्यवृंदही नव्हता, सगळं ध्वनिमुद्रित. लाक्यूसाच्या मंडळींना काय वाटलं असेल, हे सांगायची गरज नाही. पुढे मात्र दोघींनी डोकं वर काढलं: लिपाची २०१५ साली न्यूयॉर्कच्या सिटी सेंटरमध्ये सटन फॉस्टरला घेऊन झाली, लाक्यूसाची २०१७ मध्ये लंडनच्या 'दि अदर पॅलेस'मध्ये.

दोन्हींची मूळ संचातली ध्वनिमुद्रणं मिळतात. ऐकायची तर आधी दोन्हीकडची पहिली गाणी पाठोपाठ लावावीत. एकाच नावाच्या गाण्यात घोळका कुठे बोलतो आणि क्वीनी कुठे, एवढंच टिपावं. मग लाक्यूसाची पूर्ण ऐकावी, मध्ये न थांबता. लिपाची तुकड्यातुकड्यानं ऐकली तरी चालते. 'पुअर चाइल्ड' मात्र दोन-तीनदा ऐकायला हवं: पहिल्यांदा शब्दांसाठी, दुसऱ्यांदा आवाज एकमेकांवर चढतात त्या जागेसाठी, आणि तिसऱ्यांदा बाकी तिघांना सोडून फक्त केटचा आवाज धरून.