पदवी मोठी की हाताचे कसब?

दहावीचा निकाल लागला की वाईत आमच्या घरी सकाळपासून माणसांची ये-जा सुरू होते. कुणाच्या हातात गुणपत्रिका, कुणाच्या हातात जातीचा दाखला, कुणाच्या हातात अर्धवट भरलेला अर्ज. आमचा निम्मा जन्म कारकुनीत, म्हणजे अर्ज तपासण्यात गेला. त्यामुळे वस्तीत ‘कागद आहे ना, मग काकांना दाखवा’ असे ठरूनच गेले आहे.

यंदा एक मायलेकरू आले. मुलाला पंचावन्न टक्के गुण. त्याला आयटीआयला जाऊन वीजतंत्री व्हायचे होते. आईला ते मुळीच मान्य नव्हते. ती म्हणाली, “दादा, ह्याचा आजा जन्मभर दुसऱ्याच्या दारात राबला. बापानं गवंड्याच्या हाताखाली पाट्या वाहिल्या. आता ह्यानं पण हातानंच राबायचं का? ह्याला बी. ए. करा. खुर्चीवर बसू द्या.”

आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही. आम्ही स्वतः बी. कॉम. होऊन खुर्चीवर बसलेले. त्या माउलीचे म्हणणे चुकीचे म्हणावे तरी कसे? हाताचे काम आपल्या वाडवडिलांनी निवडले नव्हते. ते जन्माबरोबर गळ्यात पडले होते. त्याला धड मोल नव्हते, मान नव्हता. म्हणून आपल्या माणसाला खुर्चीची ओढ आहे. परंतु जातीने लादलेले काम आणि शिकून, परीक्षा देऊन मिळवलेले कसब या दोन गोष्टी एक नव्हेत. हा फरक घराघरांत समजावून सांगण्याची वेळ आली आहे.

तीन प्रकारचे कागद

आपण सगळ्या कागदांना ‘सर्टिफिकेट’ म्हणतो. खरे तर ते तीन प्रकारचे असतात.

पहिला शैक्षणिक : दहावी, बारावी, बी. ए., बी. कॉम., एम. ए. यात विषयाचे ज्ञान तपासले जाते. नोकरीची अनेक दारे याच कागदाने उघडतात. राज्यसेवा परीक्षेला पदवी लागते, पोलीस शिपाई भरतीला बारावी लागते. तिथे केवळ कसबाचा दाखला चालत नाही.

दुसरा व्यावसायिक : आयटीआयचे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, तंत्रनिकेतनाची पदविका, कारखान्यातील शिकाऊ उमेदवारीचे प्रमाणपत्र. यात काम करता येते की नाही ते तपासले जाते. वीजतंत्री हा दोन वर्षांचा व्यवसाय, त्याला दहावी उत्तीर्ण असावे लागते. शिकाऊ उमेदवारी १९६१ च्या कायद्याने चालते व त्या काळात उमेदवाराला विद्यावेतन मिळते. रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदाला दहावीबरोबर आयटीआय किंवा अभियांत्रिकी पदविका मागतात. तिथे आमची बी. कॉम. काहीच कामाची नाही!

तिसरा परवाना. तारतंत्रीचा परवाना, वकिलीची सनद हे यात आले. शिक्षण झाले तरी ते काम कायद्याने करण्याची मुभा या कागदाने मिळते.

वर कोण, खाली कोण?

आता लोक विचारतात, आयटीआय मोठे की बारावी? या प्रश्नासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा जाहीर केला. त्यात आधी दहा पायऱ्या होत्या, २०२३ च्या सुधारणेत आठ झाल्या. या शिडीवर दहावी तिसऱ्या पायरीवर, बारावी चौथ्या पायरीवर, तीन वर्षांची पदवी साडेपाचव्या आणि पीएच. डी. आठव्या पायरीवर आहे. आणि आयटीआयचा दोन वर्षांचा वीजतंत्री? तोही चौथ्याच पायरीवर. म्हणजे बारावीच्या शेजारी.

मात्र एक पायरी म्हणजे एकच कागद नव्हे. दोन्ही घरे एका उंचीवर असली तरी दारे वेगळी आहेत. बारावी मागणाऱ्या जागेवर नुसते आयटीआय दाखवून भागत नाही. यावरही वाट आहे. आयटीआय झालेल्या मुलाला राज्य मंडळाच्या परीक्षेला भाषा विषयांसह बसता येते व आयटीआयच्या विषयांचे गुण त्यात धरले जातात. असे करून बारावीचे प्रमाणपत्र मिळाले की पदवीचे दार उघडते. नोकरी सांभाळून शिकायचे असेल तर १९८९ साली स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. ज्याला यंत्रातच पुढे जायचे आहे त्याला दहावीनंतरच्या दोन वर्षांच्या आयटीआयवर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला, आणि पदविकेवरून अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे. आयटीआय म्हणजे शिक्षणाचा शेवट, हा समज सोडून द्यावा.

फसवा कागद

काही वर्षांपूर्वी वस्तीतील एका मुलीने खाजगी वर्गातून ‘डिप्लोमा’ केला. आईने डोरले मोडून फी भरली होती. कागद जाड, शिक्का सोनेरी. भरतीच्या वेळी पडताळणीत कळले की त्या डिप्लोमाला कोणत्याही मंडळाची मान्यता नाही. मुलगी रडत घरी आली. दोष आमचाही होता. फी भरण्यापूर्वी कुणीतरी विचारायला हवे होते आणि आम्ही विचारले नव्हते.

म्हणून पालकांनी तीन प्रश्न तोंडपाठ करावेत. हा कागद कोण देणार? विद्यापीठ, राज्य मंडळ, तंत्रशिक्षण मंडळ की राष्ट्रीय व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण परिषदेची मान्यता असलेली संस्था? तो कितव्या पायरीचा? आणि त्यावर पुढे कोणती नोकरी, कोणता वर्ग मिळतो? तिन्हींची उत्तरे लेखी मिळाल्याशिवाय एक रुपया देऊ नये. जातीचा व उत्पन्नाचा दाखला काढून भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरावा. तारीख चुकली की वर्षाची मदत हातची जाते.

बाबासाहेबांचे दोन्ही कागद

त्या माउलीला आम्ही शेवटी आपल्याच जिल्ह्यातील गोष्ट सांगितली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. पुढे त्यांनी एम. ए., एम. एस्सी., डी. एस्सी., पीएच. डी. अशा विद्येच्या पदव्या मिळवल्या. पण त्यांच्याजवळ आणखी एक कागद होता, ग्रेज इनची बॅरिस्टरी. पदव्यांनी त्यांना अर्थशास्त्राची समज दिली आणि बॅरिस्टरीने कोर्टात उभे राहण्याचा हक्क दिला. पोटासाठी त्यांना हा दुसरा कागद लागला.

१९४२ साली मजूरमंत्री असताना त्यांनी व्हाइसरॉयना निवेदन दिले. त्यात विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, तसेच सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना शिकाऊ म्हणून घ्यावे अशीही मागणी केली. ज्यांनी समाजाला विद्यापीठाची वाट दाखवली, त्यांनीच कारखान्याचेही दार ठोठावले. त्यांना एकात मोठेपणा आणि दुसऱ्यात कमीपणा दिसला नाही.

माउली बराच वेळ गप्प होती. मग तिने मुलाला विचारले, “वायर जोडताना शॉक बसला तर?” मुलगा म्हणाला, “आई, तो बसू नये म्हणूनच तर शिकायचं.” तेव्हा ती हसली.

अर्ज आम्ही तिथेच बसून भरला. उठताना तिने एक अट घातली, “आयटीआय कर, पण पदवीसुद्धा घ्यायची. दोन्ही कागद मला भिंतीवर पाहिजेत.”

आम्ही तिच्या अटीवर सही केल्यासारखी मान हलवली. आता ती अट पुरी करण्याची जबाबदारी मुलाइतकीच आमचीही आहे. आपल्या वस्तीत दहावी झालेले मूल असेल, वाचकहो, तर ती तुमचीही आहे.